मुक्त संगणकावरील रंगांचें प्रमाण

समाजांतला व्यवहार सुरळीत चालावयाचा म्हणजे मापें एक असावीं लागतात. एका पेठेंतला शेर दुसऱ्या पेठेंत चालत नाहीं, एका गांवची पायली दुसऱ्या गांवीं उणी भरते, ही स्थिति आपल्याकडे फार जुनी नव्हे. वजनमापांचा कायदा १९५६ सालीं झाला आणि त्यानंतरच शेर-पायलीची जागा हळूहळू किलो-लिटरनें घेतली. लांबी, वजन, काळ यांचीं मापें अशा रीतीनें जगभर एक झालीं; परंतु रंगाचें माप मात्र सामान्य माणसाच्या व्यवहारांत कोणी आणून ठेविलें नाहीं. संगणकाच्या पडद्यावर पाहून मागविलेली जांभळी पैठणी घरीं उलगडावी तों ती वांगी रंगाची निघावी, हा अनुभव आतां घरोघरीं झाला आहे. यांत विकणाऱ्यानें लबाडी केलीच असेल असें नाहीं. त्याच्या कॅमेऱ्यानें एक रंग टिपला, त्याच्या पडद्यानें दुसरा दाखविला आणि आपल्या पडद्यानें तिसरा. तिघांचेहि आकडे तेच, आणि तरी तिघांचे रंग निराळे.

हा घोटाळा मिटविण्याच्या विद्येस ‘कलर मॅनेजमेंट’ म्हणतात. आम्ही येथें तीस रंगव्यवस्था म्हणूं. धंदेवाईक कंपन्यांच्या संगणकांत ही व्यवस्था एका मालकाच्या इच्छेनें आली. ज्यास कोणी एक मालक नाहीं, जें हजारों लोकांनीं देशोदेशीं बसून लिहिलें आणि जें वाचण्याची, बदलण्याची व वांटण्याची सर्वांस मोकळीक आहे, त्या मुक्त म्हणजे ‘ओपन सोर्स’ सॉफ्टवेअरमध्यें ती कशी आली, याचा इतिहास निराळा आहे, आणि आमच्या मतें अधिक बोधप्रद आहे. तोच या लेखांत सांगावयाचा आहे.

प्रथम अडचण नीट समजून घेऊं. संगणकांत चित्र साठवितात तें रंगांच्या रूपानें नव्हे, आकड्यांच्या रूपानें. प्रत्येक ठिपक्यासाठीं तांबडा, हिरवा व निळा असे तीन आकडे, बहुधा ० ते २५५ यांमधले, लिहून ठेवितात. परंतु हे आकडे म्हणजे रंग नव्हेत. ती यंत्रास दिलेली आज्ञा आहे. “तांबडा दिवा इतका लाव, हिरवा इतका, निळा इतका,” एवढेंच तीत असतें. पाककृतींत ‘एक वाटी साखर’ असें लिहिलेलें असतें. पण या घरची वाटी व त्या घरची वाटी एक नसते, म्हणून एकाच पाककृतीचा शिरा दोन घरीं दोन गोडीचा होतो. पडद्यांचें तसेंच आहे. एका मॉनिटरचा तांबडा किंचित नारिंगीकडे झुकतो, दुसऱ्याचा किरमिजीकडे. प्रिंटरची गोष्ट तर आणखीच वेगळी, कारण तो प्रकाशानें नव्हे, शाईनें रंगवितो, आणि पडद्यावर झळकणारे कित्येक हिरवे-निळे त्याच्या शाईंत मुळीं उतरतच नाहींत. तेव्हां प्रत्येक आकड्याबरोबर ‘हा कोणत्या वाटीनें मोजला’ हेंहि सांगितलें पाहिजे. रंगव्यवस्थेचें सारें रहस्य एवढेंच आहे.

वाटीचें माप ठरवावयाचें तर एक प्रमाण-माप हवें; आणि रंगाच्या बाबतींत तें माणसाच्या डोळ्यावांचून अन्यत्र मिळणें शक्य नाहीं. डोळ्यांत तीन प्रकारच्या ग्राहक शक्ति असाव्या हा तर्क एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं टॉमस यंग यांनीं केला व हेल्महोल्ट्झ यांनीं तो पुढें वाढविला. १८६१ सालीं जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं लंडन येथें एका रंगीत फितीचीं तीन निरनिराळ्या गाळण्यांतून घेतलेलीं छायाचित्रें एकावर एक टाकून रंगीत चित्र दाखविलें. पुढें १९२०-३० या दशकाच्या अखेरीस इंग्लंडांत डेव्हिड राइट यांनीं १० व जॉन गिल्ड यांनीं ७ माणसांच्या डोळ्यांची परीक्षा घेतली. कोणताहि रंग दाखविला असतां तो तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाच्या किती किती मिश्रणाशीं जुळतो, हें त्यांनीं मोजलें. या १७ जणांच्या डोळ्यांवरून १९३१ सालीं आंतरराष्ट्रीय प्रकाश-मंडळानें ‘प्रमाण निरीक्षक’ ठरविला. सतरा माणसांवरून साऱ्या मानवजातीचें माप काढणें हें धाडसच. परंतु तें प्रमाण इतकें उपयुक्त ठरलें कीं, १९७६ सालीं निघालेली ‘लॅब’ नांवाची सुधारलेली पद्धति त्याच्याच पायावर उभी आहे, आणि आजच्या संगणकांतील रंगगणित अजूनहि त्याच आकड्यांकडे जातें.

शास्त्र असें तयार होतें. व्यवहारांत तें आणिलें छापखान्यांच्या गरजेनें. संगणकावर मांडणी करून मासिकें छापूं लागल्यावर पडद्यावरचें चित्र व कागदावरचें चित्र यांत अंतर पडूं लागलें, आणि त्या अंतराचा खर्च कोणाच्या तरी पदरीं येऊं लागला. १९९३ सालीं ॲपल कंपनीनें आपल्या संगणकांत ‘कलरसिंक’ ही व्यवस्था बसविली, आणि त्याच वर्षीं ॲपल, ॲडोबी, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट आदि आठ कंपन्यांनीं मिळून आंतरराष्ट्रीय रंग-संघ, म्हणजे आयसीसी, स्थापन केला. या संघानें ‘प्रोफाइल’ नांवाच्या एका छोट्या फाइलीची रचना ठरवून दिली. प्रत्येक यंत्राबरोबर त्याचें प्रोफाइल असावें. त्यांत त्या यंत्राच्या आकड्यांचा प्रमाण निरीक्षकाच्या मापांशीं असलेला संबंध लिहिलेला असावा. म्हणजे कॅमेऱ्याचे आकडे आधीं मधल्या सामायिक मापांत आणि तेथून प्रिंटरच्या आकड्यांत नेतां येतील. शंभर यंत्रांच्या प्रत्येक जोडीसाठीं निराळें कोष्टक करण्याऐवजीं शंभर यंत्रांचीं शंभर प्रोफाइलें पुरतात, हा यांतील मोठा लाभ. दुभाषे नेमण्याऐवजीं सर्वांनीं एक व्यवहारभाषा शिकावी, तशांतला हा प्रकार. १९९६ सालीं ह्यूलेट-पॅकर्ड व मायक्रोसॉफ्ट यांनीं सर्वसाधारण पडद्यांसाठीं ‘एसआरजीबी’ नांवाचें एक सामान्य माप सुचविलें, आणि १९९९ सालीं त्यास आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. संघाची रचनाहि २००५ सालीं आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. मुख्य गोष्ट ही कीं, ही रचना उघडी होती; वाचून कोणीहि तिच्याप्रमाणें प्रोग्राम लिहावा. कंपन्यांनीं दार लोटून घेतलें नव्हतें, म्हणूनच पुढची कथा घडूं शकली.

आतां मुक्त सॉफ्टवेअरकडे वळूं. त्याच्या पडद्याचें काम कित्येक वर्षें ‘एक्स विंडो’ नांवाच्या व्यवस्थेकडे होतें. ती १९८४ सालीं अमेरिकेंत एमआयटी या विद्यापीठांत जन्मली व १९८७ पासून तिची अकरावी आवृत्ति रूढ झाली. आपण साधन पुरवावें, धोरण सांगूं नये, हें तिच्या कर्त्यांचें ब्रीद होतें. खिडकी काढण्याचें साधन आम्ही देतों, ती कशी दिसावी हें तुम्ही ठरवा, असा त्याचा अर्थ. या ब्रीदानें एक्सला दीर्घायुष्य दिलें आणि रंगाच्या बाबतींत तिची फसगतहि केली. कारण १९९१ सालीं, म्हणजे ॲपलच्या व्यवस्थेपूर्वीं दोन वर्षें, टेक्ट्रॉनिक्स कंपनीनें दिलेली ‘एक्ससीएमएस’ ही रंगव्यवस्था एक्सच्या पांचव्या प्रकाशनांत दाखल झाली होती. प्रमाण निरीक्षकाच्या मापांत रंग मागावा आणि समोरच्या पडद्यास योग्य असे आकडे मिळावे, अशी सोय तींत होती. काळाच्या पुढची ही वस्तु प्रत्येक एक्सबरोबर घरोघरीं पोंचली, आणि तरीहि तिचा उपयोग जवळजवळ कोणी केला नाहीं.

असें कां व्हावें? एक तर ती एकेक सुटा रंग बदलून देत असे. लाखों ठिपक्यांच्या छायाचित्रास ती सोयीची नव्हती. दुसरें, पडद्याचें मोजमाप कोणीतरी करून तिच्या स्वाधीन करावें लागे, आणि तें करण्याचें यंत्र सामान्य माणसाकडे नसे. तिसरें आणि खरें कारण असें कीं, वापरा म्हणून कोणी कोणास सांगितलें नाहीं. साधन होतें, धोरण नव्हतें. सरकारनें किलोचें वजन प्रत्येक दुकानांत नेऊन ठेवावें, पण शेरानें मोजूं नका असें म्हणूं नये, तर दुकानदार शेरच उचलणार. एखादी गोष्ट पेटींत असणें आणि ती प्रमाण होणें यांत किती अंतर आहे, हें या प्रकरणावरून कळतें. पुढच्या तीन दशकांची धडपड तें अंतर कापण्याची आहे.

तें कापण्यास आरंभ केला तो संस्थांनीं नव्हे, एकेकट्या माणसांनीं. १९९८ सालीं स्पेनमधील मार्ती मारिया यांनीं ‘लिट्ल सीएमएस’ लिहावयास घेतलें. दोन प्रोफाइलें द्यावीं, चित्राचे आकडे द्यावे, आणि रूपांतरित आकडे परत घ्यावे, एवढेंच त्याचें काम. परंतु तें इतकें आटोपशीर व शुद्ध कीं, मुक्त जगांतील बहुतेक चित्र-प्रोग्राम पुढें त्याच्यावर विसंबून राहिले. दुसरे गृहस्थ ऑस्ट्रेलियांतले ग्रॅम गिल. त्यांनीं ‘आर्गिल’ नांवाचा संच तयार केला, तो रूपांतराबरोबरच मोजमापासाठीं. पडद्यावर रंगांचे ठिपके एकामागून एक दाखवावे, पडद्याला चिकटविलेल्या रंगमापकानें ते मोजावे आणि त्यावरून प्रोफाइल बनवावें, ही सारी क्रिया त्यांत आहे. रंगमापक यंत्रें विकणाऱ्या कंपन्यांचें सॉफ्टवेअर लिनक्ससाठीं बहुधा नसे. गिल यांनीं एकामागून एक अशा अनेक यंत्रांशीं बोलणारे प्रोग्राम स्वतः लिहिले. मापें ठरविणाऱ्यांचीं नांवें इतिहासांत राहतात. तागडी घरोघरीं पोंचविणारे बहुधा विसरले जातात. म्हणून हीं दोन नांवें येथें मुद्दाम लिहून ठेवितों.

हत्यारें आलीं, तसे कारागीरहि आले. कॅलिफोर्नियांतील दोन विद्यार्थ्यांनीं १९९६ सालीं लोकांपुढें आणिलेला ‘गिंप’ हा चित्रसंपादक मुक्त जगांतला सर्वांत नांवाजलेला. पण त्यास रंगव्यवस्थेची नीट जोड मिळाली ती २००७ सालच्या २.४ या आवृत्तींत. छापखान्यासाठीं पानें जुळविणारा ‘स्क्रायबस’ याची गोष्ट वेगळी. ज्याचें काम शेवटीं शाईंत उतरावयाचें त्यास रंगाची हयगय परवडत नाहीं, म्हणून त्यानें हा विषय आधींच हातीं घेतला होता. ‘फायरफॉक्स’ या न्याहाळकांत २००८ सालीं ही सोय आली, पण ती बंद ठेविलेली होती. पुढच्या वर्षीं, ज्या चित्रांत प्रोफाइल जडविलेलें आहे त्यांच्यापुरती, ती आपोआप चालू झाली.

परंतु हीं सारीं बेटें होतीं. आपल्या पडद्याचें प्रोफाइल कोठें ठेविलें आहे हें वापरणाऱ्यानें प्रत्येक प्रोग्रामास वेगवेगळें सांगावें. एकास सांगून दुसऱ्यास विसरला तर एकच छायाचित्र शेजारच्या दोन खिडक्यांत दोन रंगांचें दिसावें. यावर एक लहानसा करार झाला. एक्सच्या मूळ खिडकीवर ठरलेल्या नांवाखालीं पडद्याचें प्रोफाइल टांगून ठेवावें, आणि ज्या प्रोग्रामास हवें त्यानें तें तेथून वाचून घ्यावें. चावडीवर लाविलेल्या हुकुमासारखा हा प्रकार. वाचणाऱ्यास उपयोगी, न वाचणाऱ्यास नसल्यासारखा. इकडे बाजारांत अधिक गडद रंग दाखविणारे मॉनिटर येऊं लागले. त्यांवर न वाचणारे प्रोग्राम भडक दिसूं लागले. माणसांचे चेहरे लालबुंद आणि गवत विषारी हिरवें. जी उणीव पूर्वीं तज्ज्ञांपुरती होती, ती आतां सर्वांच्या डोळ्यांवर येऊं लागली.

तेव्हां रंगाची जबाबदारी एकेका प्रोग्रामाकडून काढून सबंध डेस्कटॉपानें आपल्या अंगावर घ्यावी, हा विचार बळावला. येथें दोन मार्ग निघाले. जर्मनींतील काय-उवे बेहरमान यांनीं २००४ सालापासून ‘ओयरानोस’ नांवाची व्यवस्था उभारण्यास घेतली. रंगविषयक सारे निर्णय एका ठिकाणीं व्हावे, धोरणें ठरवितां यावीं, आणि खिडक्या जुळविणाऱ्या प्रोग्रामानेंच साऱ्या पडद्याचे रंग सुधारून द्यावे, अशी तिची व्यापक दृष्टि होती. दुसरा मार्ग इंग्लंडमधील रिचर्ड ह्यूज यांचा. त्यांनीं प्रथम ‘ग्नोम’ या डेस्कटॉपासाठीं रंगाचा एक प्रोग्राम लिहिला, आणि मग २०११ सालीं त्याचा गाभा वेगळा काढून ‘कलर-डी’ नांवाचा एक अदृश्य सेवक बनविला. या सेवकास चेहरा नाहीं. कोणतें यंत्र जोडलें आहे आणि त्यास कोणतें प्रोफाइल लागू आहे, एवढी नोंदवही तो ठेवितो, आणि विचारील त्यास सांगतो. ओयरानोसनें पूर्णतेचा ध्यास घेतला, कलर-डीनें आवश्यक तेवढ्याचा. पहिल्याचा विस्तार मोठा होता, म्हणून त्यास सामावून घेणें इतरांस जड गेलें. दुसरा लहान होता, म्हणून तो सर्वत्र शिरला. २०११ च्या सप्टेंबरांत ग्नोमच्या ३.२ आवृत्तींत रंगाचें पान नेहमींच्या सेटिंगांत येऊन बसलें; आणि ग्नोमचा प्रतिस्पर्धी जो ‘केडीई’, त्याच्यासाठींहि २०१२ सालीं कलर-डीची जोड तयार झाली. प्रतिस्पर्ध्यांनीं एकच नोंदवही मान्य करावी, येथें प्रमाणाचा खरा जन्म झाला असें आम्ही समजतों.

ह्यूज यांच्या मार्गांतला महत्त्वाचा विचार असा कीं, जो माणूस रंगाविषयीं कधींच कांहीं विचारणार नाहीं त्याच्यासाठींहि कांहीं बरें उत्तर तयार असावें. प्रत्येक मॉनिटर संगणकास जोडतांच आपली थोडी माहिती स्वतः सांगतो. त्यांत त्याच्या तांबड्या, हिरव्या, निळ्याचीं स्थानेंहि असतात. त्या माहितीवरून एक कामचलाऊ प्रोफाइल आपोआप बनवून लावावें, ही योजना. तज्ज्ञांचा यावर आक्षेप होता आणि तो खोटा नव्हता. मॉनिटर स्वतःविषयीं जें सांगतो तें पुष्कळदां चुकीचें असतें. कित्येक कारखाने निराळ्या मॉडेलांत तेच आकडे भरून मोकळे होतात. चुकीच्या मापापेक्षां माप नसलेलें बरें, असें शास्त्रशुद्ध मनास वाटतें. परंतु लोकव्यवहाराचा नियम वेगळा आहे. जी सोय आपोआप चालू असते तिचे दोष लोकांच्या नजरेस येतात व सुधारले जातात; जी बंद पेटींत असते तिचे दोषहि तिच्याबरोबर झोपून राहतात. एक्ससीएमएसचें नेमकें तेंच झालें होतें.

खरें माप हवें त्यास मोजण्याचें यंत्र हवेंच. आणि तें महाग, शिवाय त्याचें अंतरंग बंद. म्हणून २०११ च्याच अखेरीस ह्यूज यांनीं ‘कलरहग’ नांवाचा एक छोटा रंगमापक काढला. त्याच्या जोडणीचे नकाशे व आंतलें सॉफ्टवेअर दोन्ही सर्वांस खुलीं ठेविलीं होतीं. तराजू कसा बनविला हेंहि ग्राहकास पाहतां यावें, ही कल्पना मापांच्या इतिहासांत नवी नाहीं. राजमुद्रा उठविलेलीं वजनें चावडींत सर्वांसमोर तपासण्याची चाल याच विश्वासासाठीं होती. मुक्त सॉफ्टवेअरनें तो विश्वास मुद्रेऐवजीं मोकळेपणावर उभारिला.

एवढ्यावर ही कथा सुखान्त व्हावयास हरकत नव्हती. परंतु पायाच बदलला. एक्स म्हातारें झालें होतें. तिच्या राज्यांत कोणताहि प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामाच्या खिडकींत डोकावूं शके आणि कळफलकावरचीं अक्षरें ऐकूं शके. हें सुरक्षित नव्हे. २००८ सालीं क्रिस्तियन होग्सबर्ग यांनीं ‘वेलँड’ या नव्या व्यवस्थेस आरंभ केला. हिच्यांत प्रत्येक प्रोग्राम आपापल्या खोलींत बसतो, आणि साऱ्या खिडक्या एकत्र जुळवून अंतिम पान तयार करण्याचें काम एकाकडेच असतें. त्यास ‘कंपोझिटर’ म्हणतात. छापखान्यांत खिळे जुळविणाऱ्यास आपल्याकडे कंपॉझिटरच म्हणत. नांव व काम यांचें हें साम्य वाचकांस मौजेचें वाटेल. २०१६ सालीं ‘फेडोरा’ या प्रसिद्ध लिनक्स-संचानें आपल्या २५ व्या आवृत्तींत वेलँड हीच नेहमींची व्यवस्था केली. पण हिच्यांत सर्वांस दिसणारी मूळ खिडकीच नाहीं. म्हणजे जिच्यावर प्रोफाइलाचा हुकूम टांगावयाचा ती चावडीच मोडली. कंपोझिटर पडद्यास साधें सुधार-कोष्टक लावी. परंतु एखादें चित्र कोणत्या मापांत आहे हें त्यास सांगण्याची सामायिक भाषा नव्हती. वीस वर्षांच्या मेहनतीचा मोठा भाग असा पुन्हां हातीं घ्यावा लागला.

त्यावरून जो वाद झाला तो केवळ यंत्रविद्येचा नव्हता, अधिकाराचा होता. रंग बदलण्याचा अंतिम हक्क कोणाचा? एक पक्ष म्हणे, पडदा कंपोझिटरच्या हातीं आहे, तेव्हां प्रत्येक प्रोग्रामानें आपलें चित्र कोणत्या मापांत आहे एवढें सांगावें, बाकी कंपोझिटर पाहील. म्हणजे भोळा प्रोग्रामहि बरोबर दिसेल. मोजमाप करणाऱ्यांचा पक्ष म्हणे, पडद्याचें मूळ रूप आम्हांस दिसलें नाहीं तर आम्ही मोजणार काय? सुधारलेलें चित्र मोजून काढलेलें प्रोफाइल म्हणजे भरलेल्या भांड्यासकट केलेलें वजन. शिवाय, रूपांतर कोणत्या हेतूनें करावयाचें, मावत नसलेले रंग दाबून बसवावयाचे कीं छाटावयाचे, हें छपाईच्या कामीं चित्रकार ठरवितो. तो निर्णय दुसऱ्याच्या स्वाधीन कसा करावा? दोन्ही बाजूंस तथ्य होतें, म्हणूनच वाद लांबला. जेथें मालक असतो तेथें असा वाद एका बैठकींत तुटतो, मग निर्णय चूक असो वा बरोबर. जेथें मालक नसतो तेथें तो सर्वांचें समाधान होईपर्यंत चालतो.

शेवटीं गति मिळाली ती छापखान्यांकडून नव्हे, करमणुकीकडून. अधिक प्रखर व अधिक गडद दाखविणारे ‘एचडीआर’ पडदे घरोघरीं आले. त्यांवर चित्रपट व खेळ दाखवावयाचे तर जुनें ‘सर्व पडदे सारखे’ हें गृहीतक मुळींच चालेना. प्रकाशाची कमाल किती, कोणता आकडा किती उजेडाचा, हें सांगितल्यावांचून चित्रच उभें राहीना. २०२३ च्या एप्रिलांत झेक देशांतील ब्रनो येथें निरनिराळ्या कंपोझिटरांचे व चित्रकार्डांचे लेखक या विषयासाठीं एकत्र बसले. २०२४ च्या फेब्रुवारींत केडीईच्या ‘प्लाझ्मा ६’ या आवृत्तीनें वेलँडवर प्रत्येक पडद्यास वेगळें प्रोफाइल लावण्याची सोय व एचडीआरचा आरंभ केला. आणि २०२५ च्या फेब्रुवारींत, अनेक वर्षांच्या खलानंतर, रंगव्यवस्थेचा सामायिक करार वेलँडच्या अधिकृत संग्रहांत दाखल झाला. प्रोग्रामानें आपल्या चित्राचें माप प्रोफाइल देऊन किंवा मोजकीं वैशिष्ट्यें सांगून कळवावें; कंपोझिटरनें त्यास कोणतें माप सोयीचें हें उलट कळवावें; आणि पडद्यापर्यंतचें रूपांतर कंपोझिटरनें करावें, हें त्याचें सार. पुढच्याच महिन्यांत ग्नोमच्या ४८ व्या आवृत्तींत एचडीआरची सोय आली.

१९९१ ते २०२५ हा चौतीस वर्षांचा हिशेब मांडला तर काय दिसतें? प्रमाण म्हणजे नुसता कागदावरचा नियम नव्हे. नियम हवा, तो पाळणारें हत्यार हवें, मोजण्याचें यंत्र हवें, न विचारणाऱ्यासाठीं तयार उत्तर हवें, आणि अंतिम जबाबदारी कोणाची हें ठरलेलें हवें. या पांचांतलें एक जरी नसलें तरी उरलेलीं चार लंगडीं पडतात. १९९१ सालीं नियम होता, पण यंत्र व तयार उत्तर नव्हतें. २००७ सालीं हत्यारें होतीं, पण एकवाक्यता नव्हती. २०११ सालीं एकवाक्यता झाली, पण जबाबदारीचा प्रश्न उरला, आणि पाया बदलतांच तोच वर आला.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठीं? अचूक रंग मूठभर चित्रकारांस व छापणाऱ्यांस हवा. इतरांच्या संगणकावर हा बोजा कां? हा प्रश्न अगदीं रास्त आहे. परंतु वजनाचा तराजू तरी किती लोक बाळगतात? दुकानदार थोडे, गिऱ्हाईक सारेच. आणि प्रमाण-मापाचा खरा लाभ गिऱ्हाइकास होतो. शिवाय आज आपल्याकडे जुन्या मासिकांचीं रंगीत मुखपृष्ठें, पोथ्यांतलीं चित्रें, घरोघरचे फोटो स्कॅन करून संगणकांत ठेविले जात आहेत. मूळ कागद कुजेल, शाई उडेल, आणि मागें उरतील ते आकडे. त्या आकड्यांबरोबर माप लिहून ठेविलें नसेल तर पन्नास वर्षांनीं वाचणाऱ्यास ‘वीस’ एवढाच शब्द सांपडेल. वीस शेर कीं वीस तोळे, हें त्यास कळावयाचें नाहीं. आणि ज्या प्रोग्रामांतून तें माप उलगडावयाचें ते एखाद्या कंपनीच्या मर्जीवर जगत असतील, तर कंपनीबरोबर कुलपाची किल्लीहि जाईल. म्हणून हें काम मुक्त सॉफ्टवेअरमध्यें, सर्वांच्या डोळ्यांदेखत, आणि जोड म्हणून नव्हे तर पायाचा भाग म्हणून होणें, हें केवळ चित्रकारांचें हित नव्हे. तें सर्वांच्या स्मृतीचें हित आहे. ज्यांच्या घरीं असें स्कॅनिंगचें काम चाललें असेल त्यांनीं फाइल साठवितांना ‘प्रोफाइल जडवा’ हा पर्याय खोडूं नये, एवढी व्यावहारिक सूचना येथें करणें अस्थानीं होणार नाहीं.

या विद्येची मर्यादाहि सांगितली पाहिजे. दिवाणखान्यांतल्या पिवळ्या दिव्याखालीं आणि खिडकीशेजारच्या उन्हांत एकच कापड दोन रंगांचें दिसतें. एका दिव्याखालीं जुळणारे दोन रंग दुसऱ्याखालीं वेगळे पडतात. सतरा माणसांच्या डोळ्यांवरून काढलेलें माप प्रत्येकाच्या डोळ्यास तंतोतंत लागू पडेल असेंहि नाहीं. रंग सुंदर आहे कीं नाहीं, हें तर कोणतेंच प्रोफाइल सांगत नाहीं. प्रमाण एवढेंच करतें कीं, एकानें जें पाहिलें तें दुसऱ्यास दाखवितांना मध्यें यंत्रांची मनमानी शिरूं देत नाहीं. हें काम साधलें म्हणजे तें दिसेनासें होतें. किलोचें वजन ठेवितांना आज कोणी त्याच्या कायद्याची आठवण काढीत नाहीं, तसेंच याचेंहि होईल. ज्यांनीं वेतनाच्या आशेपेक्षां विषयाच्या प्रेमानें हीं वर्षें खर्चिलीं, त्यांच्या श्रमाचें सार्थक त्या विस्मरणांतच आहे. परंतु विसरण्यापूर्वीं एकदां त्याची नोंद व्हावी, हें उचित होय.